एक वजा

१

दोन नंबर गेटच्या केबिनमधला कॉम्प्युटर बारा वर्षांचा होता. दरवर्षी गेटला नवा रंग लागायचा, साहेबांच्या खोलीत नवा एसी बसायचा, हजेरीचा कॉम्प्युटर मात्र तोच. आत किती माणसं आहेत ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. आणि एवढ्या कामासाठी नवं यंत्र घ्यावं असं तारापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कुठल्याही मालकाला कधी वाटलेलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी दुपारी गेटवरच्या बन्सी वॉचमनने सुजितला फोन केला. म्हणाला, पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडतोय, ट्रकवाला काय बोलतो ते ऐकू येत नाही, येऊन बघा.

सुजित कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळायचा. ब्लोअर, ब्रश, स्क्रू-ड्रायव्हर आणि पेस्टची ट्यूब घेऊन तो गेला. इथल्या हवेत कॉम्प्युटर कसा मरतो हे त्याला पाठ होतं. समुद्राकडून खार येतो, कारखान्यांकडून भुकटी येते. दोन्ही मिळून पात्यांवर चिकट राखाडी साय धरतात, पंखा जड होतो, प्रोसेसर तापतो, तापला की पंखा आणखी पळतो. त्याने डबा उघडला, साय खरवडून काढली, प्रोसेसरवरची वाळून कडक झालेली जुनी पेस्ट पुसून नवी लावली, पंख्याच्या मधोमध तेलाचा थेंब सोडला. चालू केल्यावर पंखा अगदी गुपचूप फिरायला लागला.

बन्सीने चहा मागवला. तो प्यायला दोघं बसले, आणि तीन वाजून पंचवीस मिनिटांनी पंखा सुटला.

तापलेला कॉम्प्युटर हळूहळू आवाज चढवतो. हा एकदम चढला, पडला, पुन्हा चढला, धावत आलेल्या माणसाला दम लागावा तसा. सुजितने पाठीमागच्या जाळीला तळहात लावला आणि झटक्यात काढून घेतला. पडद्यावर तापमान एक्केचाळीस अंश होतं. एक्केचाळीस अंशांची हवा हात पोळत नाही.

"सेन्सर गेलाय," तो म्हणाला.

"सेन्सरला घड्याळ कळतं का, भाऊ?" बन्सी म्हणाला. "रोज ह्याच टायमाला. पहिले पाच-दहा मिनिटं ओरडून गप बसायचा. आता संध्याकाळपर्यंत थांबत नाही."

सुजितने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं नाही. तीन पंचवीसला काय झालं होतं, हे त्या गेटवर त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

२

कारखान्यात स्फोट झाला की बातमीत पहिल्यांदा आवाज किती किलोमीटरवर ऐकू गेला ते येतं. मग काचा कुठे फुटल्या ते. मग कोणते साहेब पाहणी करून गेले ते. माणसं शेवटी येतात, आणि तीही यादीत असतील तरच.

पावणेदोन वर्षांपूर्वी ह्या कंपनीची एक शेड दुपारी तीन पंचवीसला उडाली आणि दीड दिवस जळत राहिली. हजेरीप्रमाणे शेडमध्ये तीन माणसं होती. दोघांचे देह मिळाले. तिसऱ्याचं नाव सुजित. आणि सुजित संध्याकाळी सहा वाजता गेटवर जिवंत उभा होता.

खरी गोष्ट साधी होती. सुजित तेव्हा ठेकेदाराकडे कामाला होता आणि त्या दुपारी तो माकुणसारला एकाचा बिघडलेला कॉम्प्युटर दुरुस्त करायला गेला होता. खाडा पडू नये म्हणून त्याने आपलं कार्ड दर्पणला दिलं होतं. ह्याला बदली म्हणतात. ठेकेदाराला डोकी भरायची असतात, डोकं कोणाचं ते तो बघत नाही. दर्पण पालघरजवळच्या माहीमचा, दर्यावर जाणाऱ्या घरातला. जाळ्यात पहिल्यासारखं काही येईना म्हणून कंपनीच्या दारात आलेला. त्याला स्वतःचं कार्ड कधी मिळालंच नाही. आज ह्याच्या कार्डावर, उद्या त्याच्या. घरी फक्त सांगायचा, कंपनीत चाललोय.

सुजित धापा टाकत गेटवर पोचला तेव्हा ठेकेदाराने त्याला मिठी मारली. म्हणाला, अरे, तू निसटलास! सुजितच्या ओठांवर दर्पणचं नाव आलं होतं, आणि ठेकेदाराच्या डोळ्यांकडे बघता बघता ते त्याने गिळलं. चौकशीसाठी आलेल्या साहेबाला तो एकच वाक्य बोलला, "आत आम्ही तिघंच होतो." दोन मेले, एक वाचला, तीन झाले. चौकशी संपली.

पुढच्या सुरक्षा दिनाला त्याच सुजितला शाल आणि नारळ मिळाला. टाळ्या वाजल्या. ज्या कंपनीत दोन माणसं भाजून मेली तिथे वाचलेल्याचा सत्कार करतात, आणि कोणाला त्याची लाज वाटत नाही. महिन्याभरात तो कायम झाला. नवं कार्ड, नवा नंबर. जुनं कार्ड, पळताना पडलं असं त्याने सांगितल्यामुळे, स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी रद्द झालं होतं.

सरावलीच्या त्याच्या खोलीत ती शाल अजून पिशवीतच होती.

३

गेटसमोर रस्त्यापलीकडे एक करंज होता. त्याच्याखाली रोज दुपारी पुष्पलता येऊन बसायची. दर्पणची आई. सकाळी बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायची, रिकामी पाटी घेऊन इथे यायची आणि पाचच्या गाडीने माहीमला परत जायची. पहिले काही महिने ती आत जाऊ द्या म्हणून भांडली. कंपनीने तिला लेखी उत्तर दिलं, ह्या नावाचा कोणीही इसम आमच्याकडे कामास नव्हता. गावात लोक बोलायला लागले, पोरगा बायकोला टाकून वेरावळला बोटीवर गेला असेल. तेव्हापासून ती भांडत नव्हती. नुसती बसायची.

मंगळवारी सुजित नवा पंखा घेऊन आला तेव्हा तिने रस्ता ओलांडून त्याला गाठलं.

"सायेब, आज तरी बोला."

तो म्हणाला, मावशी, मला काय माहीत असणार.

"तुमी आतनं आलाव. जो आतनं येतो त्यालाच म्हायती." तिचा आवाज चढलेला नव्हता. "मला दुसरं काय नको. माजा दर्पण आत होता, येवडं एका मानसानं म्हना. मी त्याचं पानी देते आनी गप बसते. सून कपाळाला कुकू लावते, ते लावू दे का पुसू दे, तेवडं तरी सांगा मला."

सुजित म्हणाला, आत आम्ही तिघंच होतो. हे वाक्य आता त्याच्या तोंडून आपोआप यायचं, झोपेत कूस बदलावी तसं.

"तीन," पुष्पलता म्हणाली. तिने तीन बोटं वर केली, त्यांच्याकडे बघितलं आणि परत झाडाखाली गेली.

४

नवा पंखाही तीन पंचवीसला सुटला.

सुजित रोज जायला लागला. त्याने पॉवर सप्लाय बदलला. पंख्याचा वेग सेटिंगमध्ये जाऊन बांधून टाकला. वायर ओढली, बोर्डाच्या मागे झुरळ मेलंय का तेही पाहिलं. गुरुवारी त्याला कारण मिळालं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. हजेरीचा प्रोग्राम एका नोंदीवर अडकला होता. तीच नोंद बंद करायला जायचा, बंद होत नसे, पुन्हा जायचा, मिनिटाला हजारो वेळा. प्रोसेसर कामाने पिचला तर पंखा पळणारच. ह्यात भुताटकी कुठे आहे?

खात्री करायला म्हणून त्याने पंख्याची पिन उपटून काढली. पाती थांबली. तीन पंचवीस झाले आणि थांबलेल्या पात्यांमागून तो आवाज आला. चढला, पडला, चढला. सुजितने पॉवर सप्लायचा पंखाही काढला. आवाज येतच राहिला. त्याच्यात आता पात्यांची घरघर नव्हती, नुसती हवा आत ओढल्याचा आणि बाहेर टाकल्याचा आवाज होता. आणि वास. शेडमधल्या सॉल्व्हंटचा तो गोडसर वास, जो कपड्यांतून तीन धुण्यांतही जात नाही.

त्याने पिन परत बसवली. निदान पंख्याचा आवाज पंख्यासारखा तरी होता.

"कुठली नोंद अडकलीये?" बन्सीने विचारलं.

सुजितने पडदा आपल्याकडे वळवून घेतला. बन्सीच म्हणाला, "तीच असेल. एक वजा करायची."

मग त्याने जे सांगितलं ते गेटवरच्या सगळ्या वॉचमनना माहीत होतं, आणि इतकं सवयीचं झालं होतं की कोणी बोलत नसे. पडद्यावर आत असलेल्या माणसांचा आकडा दिसतो. स्फोटापासून तो एकाने जास्त दिसतो. पाळी बदलताना तो वाचायचा, एक वजा करायचा आणि वहीत लिहायचा. नव्या वॉचमनला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, चावी कुठे, टॉर्च कुठे आणि एक वजा.

"प्लांट पूर्ण बंद असतो ना महिन्यातून एक दिवस," बन्सी म्हणाला, "आत चिटपाखरू नसतं. तेव्हा पण इथे एक असतो. मी त्या दिवशी केबिनचं दार लावून घेतो, भाऊ. हसू नका."

सुजित हसला नव्हता.

५

प्लांट बंदचा दिवस शनिवारी आला. सुजित अडीचला केबिनमध्ये गेला. बन्सी बाहेर, ट्रक अडवायच्या बूम-बॅरिअरजवळ खुर्ची टाकून बसला. पडद्यावर आकडा होता, एक.

त्याने नोंद उघडली. जुन्या कार्डाचा नंबर. नाव, सुजित. आत, दुपारी दोन चाळीस. बाहेर, रिकामं. खाली एक बारीक खूण होती, फोटोची. कार्ड लावलं की मशीन फोटो काढतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते फोटो कोणी बघत नसे. चौकशीच्या साहेबाने यादीची छापील प्रत नेली होती. फोटो मागावेत असं त्याला सुचलं नव्हतं, किंवा सुचू द्यायचं नव्हतं.

पहिला फोटो दोन चाळीसचा. दर्पण. कार्ड गालाजवळ धरून हसत होता, कार्डावरच्या सुजितच्या चेहऱ्याची नक्कल करत. मागे डब्याची पिशवी खांद्यावर.

पुष्पलता पावणेदोन वर्षं जे मागत होती ते हे होतं. रस्ता ओलांडला की झालं.

पण खाली आणखी फोटो होते. सहाशेच्या वर. सगळे बाहेर पडायच्या मशीनवरचे, सगळे तीन पंचवीसचे, दर दिवशी एक. प्रत्येकासमोर लाल अक्षरांत एकच ओळ: कार्ड रद्द, बाहेर जाण्यास परवानगी नाही.

फोटोत कोणी नव्हतं. रिकामा रस्ता, जळालेल्या शेडच्या जागी घातलेले पत्रे, आभाळ. सुजित भराभर पुढे जात राहिला, कारण थांबायची भीती वाटत होती. शंभराव्याच्या आसपास त्याच्या लक्षात आलं की चित्र किंचित धुरकट आहे. कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ होती. नाकाजवळ धरलेल्या आरशावर येते तेवढी. पुढे ती दाट होत गेली. कालच्या फोटोत पूर्ण काच पांढरी होती आणि मधोमध एक स्वच्छ, गोलसर डाग होता. दमून, कंटाळून कोणी काचेला कपाळ टेकवावं तेवढा.

सुजितने पडदा झाकायला हात वर केला आणि तसाच बसून राहिला.

तीन दहा झाले होते. नोंद बंद करायला प्रोग्रामने दोन वाटा दिल्या होत्या. एक, कार्ड वापरणाऱ्याचं नाव दुरुस्त करा, मग नोंद फोटोसकट वरिष्ठांकडे जाईल. दुसरी, रद्द कार्ड चालू करा, मग माणूस बाहेर पडताच नोंद बंद होईल आणि तिचे सगळे फोटो पुसले जातील.

त्याने पहिली वाट उघडली. नावाच्या चौकटीत 'दर्पण' लिहिलं. तीन अक्षरांचं नाव लिहायला त्याला पाच मिनिटं लागली. मग त्याची नजर स्वतःच्या छातीवर लोंबणाऱ्या नव्या कार्डाकडे गेली. त्याला ती शाल आठवली, चौकशीचा साहेब आठवला, सरावलीची खोली आठवली. मोबाइल समोर टेबलावर होता. पडद्याचा एक फोटो काढून ठेवायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ त्याच्याकडे होता. त्याने स्वतःला समजावलं की फोटो मिळून म्हातारीला आणखी त्रासच होईल. आधी पोरगा सुटू दे. सुटणं महत्त्वाचं. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा किती दयाळू होतो.

त्याने ती तीन अक्षरं खोडली आणि दुसरी वाट धरली. कार्ड चालू झालं. नाव होतं तेच राहिलं.

तीन पंचवीसला बाहेरच्या मशीनने छोटी शिट्टी दिली. लोखंडी फिरतं दार कटकट करत एक फेरा फिरलं. पंखा थांबला. इतक्या दिवसांनी केबिनमध्ये शांतता पडली, आणि पडद्यावर शून्य आलं.

खिडकीतून सुजितला करंज दिसत होता. पुष्पलता उठून उभी राहिली होती. तिची मान गेटपासून रस्त्याच्या टोकापर्यंत हळूहळू वळत गेली, कोणीतरी समोरून चालत जावं तशी. मग तिने पाटी उचलली आणि त्या दिशेने निघाली. गेटकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

बन्सी दारात आला. पडदा बघून खूश झाला.

"सुजित, बाहेर, तीन पंचवीस," त्याने वाचलं. "झालं की! आता वजा करायला नको."

६

त्यानंतर पुष्पलता आली नाही. चौथ्या दिवशी तिची सून रुचिता आली. गेटवर सुजितला बोलावून घेतलं आणि खाली बघत बोलायला लागली.

ती म्हणाली, सासूबाई बाजारात जात नाहीत. दुपारी भात घालतात, दोन पानं वाढतात. म्हणतात, पोरगा आलाय, उंबऱ्यापर्यंत येतो, आत येत नाही. दर्पण म्हणून हाक मारली की हलतही नाही.

"मलाबी आदी वाटलं, म्हातारीचं डोकं गेलं. पन घर तापतंय, भाऊ. दुपारचं भिंतीला हात लावता येत नाय." ती थांबली. "परवा मी त्यांना म्हटलं, मी सुजितभाऊंना इचारून येते. तुमचं नाव तोंडातनं निघालं, आनी पाठीमागं कोनतरी आत आलं."



"आता त्या त्याच नावानं हाक मारतात. तुमच्या." तिने पहिल्यांदा वर पाहिलं. कपाळावर कुंकू होतं. "तुमी या नी त्यांच्या तोंडावर सांगा. आत होता का नव्हता. मेला तर मेला म्हना. आमाला रडू तरी द्या."

तो म्हणाला, उद्या येतो. आणि ह्या वेळी त्याला खरंच जायचं होतं.

७

रात्रभर त्याने वाक्य घोटलं. त्या दिवशी आत मी नव्हतो, दर्पण होता. एवढंच. नोकरी जाईल, खोटी साक्ष दिली म्हणून आत टाकतील, सगळ्याला तयार झाला. दुपारी गेटबाहेर पडताना त्याने बन्सीला हात केला. बन्सी वहीत काहीतरी लिहीत होता. पालघरहून माहीमच्या गाडीत कंडक्टर दोनदा त्याच्या सीटशेजारून गेला, तिकीट मागितलं नाही. सुजितला त्यात काही वावगं वाटलं नाही. डोक्यात ते एक वाक्य होतं.

घर वाडीच्या टोकाला होतं. अंगणात बांबूच्या आडव्यांवर बोंबील सुकत होते. दार उघडं होतं. आत अंधार, आणि उंबऱ्यातून भट्टीची धग.

तो अंगणाच्या मधोमध उभा राहिला. आतून पुष्पलतेचा आवाज आला, लहान पोराला बोलवावं तसा मऊ.

"सुजित, ये रे बाबा. भात निवला."

ओ म्हणायला त्याचं तोंड उघडलं, आणि आतून कोणीतरी ओ दिली.

तो आवाज दर्पणचा नव्हता. घसा भाजल्यासारखा घोगरा होता, पण ओळखू येत होता. रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज ऐकताना जसा क्षणभर परका वाटतो आणि मग लाज वाटते, तसा. आत ताटावर वाटी ठेवल्याचा आवाज झाला. मग जेवणाऱ्या माणसाचा.

मग दर्पण कुठे आहे? हा प्रश्न त्याच्या मनात आला. गेटमधून त्या दिवशी बाहेर पडलं ते ज्याच्या नावाने पडलं, त्याचंच होऊन पडलं. दर्पणचं तर कुठे काहीच उरलं नव्हतं. दोन चाळीसचा तो फोटोही सुजितने पुसून टाकला होता.

तो ओरडला. आयुष्यात कधी ओरडला नव्हता एवढ्या मोठ्याने. "मावशी, आत मी नव्हतो. दर्पण होता. माझं कार्ड घेऊन गेला होता. तो मेला, मावशी. तिथेच मेला. मी खोटं बोललो."

सगळं सांगून झालं. आडव्यांवरचे बोंबील हलले.

पुष्पलता उंबऱ्यात आली. हाताला भात लागला होता. तिने अंगणभर नजर फिरवली, आडव्यांवरून, कुंपणावरून, जिथे तो उभा होता तिथून, आणि तिच्या डोळ्यांत काहीही अडलं नाही.

"कोन हाय?" आतून रुचिताने विचारलं.

"कोन नाय गो," पुष्पलता म्हणाली. "वारा हाय."

आणि तिने दार ओढून घेतलं.